एक नोव्हेंबर, शटर खाली

टिळकवाडीत माझं झेरॉक्सचं दुकान.
बोर्डावर कन्नड मोठं, मराठी बारीक,
दर आकड्यांत, ते सगळ्यांनाच वाचता येतात.
तेवीस वर्षं दुसऱ्यांचा अभ्यास
काचेवर पालथा घालतोय.
स्वतः पीयूसीला गणितात दोनदा बसलो.
तिसऱ्यांदा मशीन घेतलं.

ती आली शाळेच्या ड्रेसात,
लाल रिबनी, बुटांवर शेताची माती,
हातात बीएस्सीचं कॅल्क्युलस.
"एकशे बारा ते एकशे चाळीस, मामा. पाठपोट."
"दादाचं काय गं?"
"माझं."
"कितवीत हाईस?"
"दहावीत की."
पानं मी उगाच दोनदा मोजली.

संयोगिता कर्लेकर. बेळगुंदीहून सहाची बस,
साडेसातला कॉलेजात शेवटचा बाक,
मग धावत शाळेच्या प्रार्थनेला.
ताईचा डबा द्यायला आली होती एकदा,
खिडकीतूनच म्हणाली,
फळ्यावर वजाचं चिन्ह राहिलंय.
कौजलगी मॅडमनी फळा बघितला,
मग तिला बघितलं,
म्हणाल्या, आत ये.

परीक्षेला मात्र नियम आला.
वय बसत नाही, पीयूसी नाही, रजिस्टर नंबर नाही.
प्रिन्सिपॉल वाईट माणूस नव्हे,
चहा पाजून म्हणाले, तीन वर्षांनी या.

मॅडम दुकानात आल्या, धारवाडी मराठीत विचारलं,
"एक तारखेला तुमचं बंद असतंय, न?"
असतंय. त्या दिवशी आम्ही बंद पाळतो,
ते सण करतात. गावाला सवय आहे.
"मग शटर खाली करा. आत तीन तास द्या मला."

मशीनवर पुठ्ठा टाकून टेबल केलं.
पेपर तोच, आदल्या आठवड्यात कॉलेजात झालेला,
एका अंगाला इंग्रजी, एका अंगाला कन्नड.
ओठ हलत होते तिचे, पाढे मराठीत चालले होते.
मी पर्यवेक्षक.
गणितातला दोनदा नापास माणूस
हात मागं बांधून
झेरॉक्स आणि लॅमिनेशनच्या मध्ये
चार पावलं जातो, चार पावलं येतो.

अकराला आमची फेरी गेली, काळ्या फिती, घोषणा.
एकच्या सुमाराला त्यांचा डॉल्बी,
शटर थरथरलं, स्टेपलरच्या पिना डबीत नाचल्या.
तिने एकदाच मान वर केली.
"मामा, पंखा थोडा कमी करा, कागद उडूलाय."

पेपर दिल्यावर मीच विचारलं,
हे लिमिट म्हणजे काय गं नेमकं?
मॅडम म्हणाल्या, कन्नडात मिती.
मी म्हटलं, आमच्यात मिती म्हणजे तारीख.
ती पेनाचं टोपण शोधत होती.
"कोल्हापूरच्या आत्याच्या पुस्तकात सीमा लिहिलंय.
जवळ जवळ जायाचं, मामा.
तिथं पोचलंच पाहिजे असं काय नाही."
मी बाहेर बघितलं.
बाहेर शटर होतं.

ऐंशीपैकी एकाहत्तर.
मॅडमनी लाल पेनानं लिहिलं, खाली सही केली,
आणि हा कागद आता कुठं पाठवायचा
हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा.
तीन मार्क कापले. उत्तर बरोबर,
रीत पुस्तकातली नाही.
तेवढं पान घेऊन ती माझ्याकडे आली,
रडली वगैरे नाही, चिडली होती.
"एकच बाजू, मामा. मॅडमना दाखवायचंय."
पैसे मी घेतले. नाहीतर ती परत आली नसती.

वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर मी बिलं करतो.
तिच्या उत्तरपत्रिकेची एक कॉपी
तिरकी निघाली होती, कडेला काळा पट्टा.
तिचं बिल केलं नाही.
रात्री गल्ला मोजून झाला की ड्रॉवरातून काढतो.
दिवाळीत पहिली ओळ कळत होती.
संक्रांतीपर्यंत दुसरी.
परवा लाईट गेली तेव्हा
मी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून
तसाच बसून राहिलो, येईपर्यंत.